केसभर फटीची गोष्ट : दंतचक्र पंप आणि गंज

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे एक लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म येथे झाला. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असे. विनोबांचे वडील नरहरपंत विणकामाचे शिक्षण घेतलेले होते आणि बडोद्यास नोकरी करीत. मुलगा १९१६ साली गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला आणि पुढे आयुष्यातील बराच काळ त्याने टकळी व चरखा यांच्या संगतीत घालविला.

सूत कातणाऱ्याच्या बोटांना एक गोष्ट कोणी न सांगता कळते. पेळूतून कापूस थोडा जास्त सुटला की धागा जाड होतो, कमी सुटला की बारीक होऊन तुटतो. किती कापूस सोडायचा याचे माप बोटांत असते आणि चूक झाली तर ती त्याच क्षणी बोटांना जाणवते.

गागोद्याच्या पेण तालुक्याला लागूनच खालापूर तालुका आहे. तेथे पाताळगंगेच्या काठी १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात विनोबांनी पवनार येथे देह ठेवला. या कारखानी कताईत पेळू नाही आणि बोटेही नाहीत. वितळलेला दाट द्रव बारीक छिद्रांतून बाहेर येतो आणि थंड होऊन त्याचा धागा बनतो. द्रव मोजून सोडण्याचे जे काम बोटे करीत, ते येथे एक छोटासा पंप करतो. त्याच्या पोटात दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतून फिरत असतात. या पंपाला दंतचक्र पंप किंवा व्यवहारात गिअर पंप म्हणतात.

हा पंप केवळ धाग्याच्या कारखान्यातच असतो असे नाही. रोह्याजवळचे धाटाव, महाड, रसायनी या आपल्याच परिसरातील रासायनिक कारखान्यांत तेले, आम्ले, अल्कली, राळा मोजून पुढे ढकलण्यासाठी तो वापरतात. अशा कारखान्यात पंप निवडताना पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की पंप कशाचा बनवावा म्हणजे तो गंजणार नाही? प्रश्न साधा दिसतो. मात्र त्याचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची आणि कारागिरांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत आणि त्या उत्तराचा एक भाग आजही पुष्कळदा नजरेतून सुटतो. त्या शोधाची हकिगत या लेखात सांगावयाची आहे.

झडपा नसलेला पंप

ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा योहान्नेस केप्लर हा सतराव्या शतकाच्या आरंभी प्राग येथे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी होता. त्या काळी खाणीत साचणारे पाणी उपसणे ही मोठी डोकेदुखी होती. दट्ट्याच्या पंपात झडपा असत, त्या चामड्याच्या असत आणि वारंवार बिघडत. केप्लरने झडपाच नसलेला पंप सुचविला. त्यात दातेरी चाकांची एक जोडी बंद पेटीत फिरत असे. जर्मनीतील पापेनहाइम याच्या नावावरही १६३६ साली असाच पंप नोंदलेला आहे.

या पंपाचे कार्य समजावून सांगताना वर्गात हमखास एक चूक होते. दोन चाके एकमेकांत गुंतून फिरतात, म्हणून द्रव त्या दोहोंच्या मधून पुढे जातो असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो मधून जातच नाही. चाकाच्या दोन दातांमधील खाच आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा घास अडकतो. चाक फिरते तसा तो घास बाहेरच्या बाजूने, भिंतीला धरून, पलीकडे नेला जातो. तेथे दुसऱ्या चाकाचा दात त्या खाचेत शिरतो आणि द्रवाला बाहेर ढकलतो. मधोमध गुंतलेल्या दातांचे काम द्रवाला परत फिरू न देणे हे आहे. म्हणजे झडपेचे काम दातच करतात.

चाकाच्या दर फेऱ्यामागे ठराविक घास, म्हणून ठराविक आकारमान. हा या पंपाचा मोठा गुण. पण तो एका अटीवर अवलंबून आहे. दातांची टोके व पेटी यांच्यामध्ये, तसेच चाकांच्या बाजू व झाकणे यांच्यामध्ये फट फारच अरुंद असली पाहिजे. फट मोठी असेल तर पुढे ढकललेला द्रव त्या वाटेने मागे गळतो. केप्लरच्या काळी इतकी अरुंद फट ठेवणे कोणाही लोहाराच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यातून पाणी पातळ आणि खाणीतले पाणी तर गाळाने भरलेले. म्हणून ही कल्पना चांगली असूनही दीर्घकाळ मागे पडली आणि पाण्याचे काम दट्ट्याच्या व पुढे अपकेंद्री पंपांनी केले. आपल्याकडील शेतकऱ्याच्या परिचयाचा विहिरीवरचा पंप हा अपकेंद्री जातीचा. त्यात चाक आणि कवच यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असली तरी चालते.

फट आणि द्रव यांच्या भांडणाची एक मौजेची गोष्ट अमेरिकेत घडली. इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी पाण्याच्या बळावर चालत असे. जुने पाणचक्र बदलण्यासाठी १८५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दोन पाकळ्यांची, एकमेकांत गुंतून फिरणारी लाकडी चाके पेटीत बसविली. पाणी सोडताच लाकूड फुगले आणि चाके अडकून बसली असे सांगतात. नंतर कोरड्या स्थितीत ती फिरवून पाहिली तेव्हा त्यांतून जोराचा वारा सुटला आणि त्यांतून ‘रूट्स ब्लोअर’ हे यंत्र जन्मास आले. त्यांच्या दृष्टीने अपघात शुभ ठरला. पण चाकांच्या घडणीइतकेच महत्त्व द्रवापुढे त्यांचा पदार्थ कसा वागतो याला आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

एका नळीवर लोखंड आणि सोने

दंतचक्र पंपाचे दिवस पालटले ते दाट द्रव मोजून सोडण्याची गरज निर्माण झाली तेव्हा. दाट द्रव अरुंद फटीतून सहजी मागे गळत नाही. अशा कामांपैकी सर्वांत नाजूक काम कृत्रिम रेशमाचे.

१८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी व्हिस्कोजचे पेटंट घेतले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया केली आणि मग तो पुन्हा सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळविला की मधासारखा दाट द्रव मिळतो. तो बारीक छिद्रांतून सल्फ्यूरिक आम्लाच्या कुंडात सोडला की छिद्रातून बाहेर येताच घट्ट होतो. हाच रेयॉनचा धागा. कोर्टोल्ड्स कंपनीने १९०४ साली या पद्धतीचे हक्क घेऊन इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. महाराष्ट्रात कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन आणि शहाड येथे सेंच्युरी रेयॉन हे कारखाने १९५०च्या दशकात उल्हास नदीच्या आश्रयाने उभे राहिले. मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. या उद्योगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्बन डायसल्फाइडच्या वाफांनी अनेक देशांतील रेयॉन कामगारांच्या मज्जासंस्थेला इजा केली आहे.

या धाग्याचे थोडे गणित करून पाहू. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरते तितके त्याचे डेनियर. १०० डेनियरचा धागा मिनिटाला ९० मीटर या वेगाने काढायचा आहे. म्हणजे ९००० मीटरला १०० मिनिटे लागतील आणि तेवढ्यात १०० ग्रॅम सेल्युलोज खर्च होईल, मिनिटाला १ ग्रॅम. व्हिस्कोज द्रवात सेल्युलोज सुमारे ८ टक्के धरले तर मिनिटाला साडेबारा ग्रॅम द्रव, म्हणजे सुमारे ११ घन सेंटिमीटर, पंपाने पुढे दिला पाहिजे. दोन-अडीच चमचे द्रव! पंपाने शंभरात पाच भाग कमी दिला तर धागा ९५ डेनियरचा निघेल. असे धागे एका कापडात आले की रंगविल्यानंतर पट्टे दिसतात. कापड वाया जाते आणि दोष कोठे आहे ते कोणालाच लवकर उमगत नाही.

आता या यंत्रातील धातू पाहा. पंपातून जाणारा द्रव कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे अल्कली. साध्या तापमानाला सौम्य अल्कलीपुढे लोखंड आणि पोलाद उत्तम टिकतात, म्हणून व्हिस्कोजचा पंप पोलादाचा चालतो. पण त्याच नळीच्या टोकाला असलेली छिद्रांची टोपी आम्लाच्या कुंडात बुडालेली असते. तिच्या आतून अल्कली, बाहेरून सल्फ्यूरिक आम्ल. छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक आणि ती यत्किंचितही मोठी होऊन चालत नाही. म्हणून ही टोपी सोने व प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूची करीत, पुढे टँटलमचीही करू लागले. द्रवाच्या एकाच प्रवासात एका ठिकाणी पोलाद योग्य आणि थोड्या अंतरावर सोने योग्य. तेव्हा अमुक धातू ‘गंजत नाही’ एवढेच म्हटल्याने बोध होत नाही. कशापुढे गंजत नाही, हे सांगितल्यावाचून ते विधान अपुरे आहे.

अगंज पोलादाचे वचन

मराठीत ‘गंज’ म्हणताच लोखंडावरचा तांबूस थर डोळ्यांपुढे येतो. द्रव किंवा वायू यांच्या रासायनिक क्रियेने कोणताही धातू झिजणे याला व्यापक अर्थाने क्षरण म्हणतात. क्षरणाच्या अभ्यासातील सर्वांत चमत्कारिक वाटणारा प्रयोग लोखंड आणि नायट्रिक आम्ल यांचा आहे. सौम्य नायट्रिक आम्लात लोखंड जोराने विरघळते; अतितीव्र आम्लात मात्र ते स्वस्थ बसते. १८३६ साली शोनबाइन याने हा चमत्कार मायकेल फॅरडेला पत्राने कळविला आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडसारखे अदृश्य आवरण तयार होत असावे असा तर्क फॅरडेने केला. या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. (हा प्रयोग शाळेत करू नये. तीव्र नायट्रिक आम्ल आणि त्यातून निघणारे तपकिरी धूर दोन्ही घातक आहेत.)

लोखंडावरचे हे आवरण चंचल असते. ते टिकाऊ करण्याचा मार्ग १९१२-१३ साली सापडला. जर्मनीत क्रुप कंपनीतील स्ट्राउस आणि माउरर यांनी क्रोमियम व निकेल घातलेले पोलाद तयार केले. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या का झिजतात याचा तपास करीत होता. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेला नमुना नेहमीच्या आम्लाने कोरला जात नाही, हे त्याच्या लक्षात आले. आज आपल्या स्वयंपाकघरात जे स्टीलचे डबे आहेत त्यांचे हे पूर्वज. मराठी परिभाषेत त्याला ‘अगंज पोलाद’ असे नाव आहे.

या पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे आवरण असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. ओरखडा पडला तरी हवेतील किंवा पाण्यातील ऑक्सिजनमुळे ते क्षणात भरून येते. नायट्रिक आम्लासारख्या ऑक्सिडीकारक द्रवात तर ते अधिकच पक्के होते. यामुळे नायट्रिक आम्लाच्या उद्योगाचे रूप पालटले. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (स्थापना १९६०) या सरकारी कारखान्यात नायट्रिक आम्ल तयार होत असे आणि अग्निबाणांसाठी लागणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइडही होत असे. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीचे बाकीचे विभाग बंद करून हा एक विभाग इस्रोकडे सोपविण्याचा निर्णय घेतला.

परंतु ‘अगंज’ हे नाव देण्यात थोडी घाई झाली असे आम्हांस वाटते. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे हे पोलाद टिकत नाही. साधे मीठही त्याचा वैरी आहे. क्लोराइड आवरणात एखाद्या जागी भोक पाडतो आणि तेवढ्याच जागी धातू खोलवर पोखरला जातो. पेणच्या खाडीकाठी मिठागरे आहेत आणि कोकणच्या वाऱ्यातच खार आहे. तेथे राहणाऱ्याला ठिपके पडलेले स्टीलचे भांडे नवलाचे नाही.

टाकीला चालते ते पंपाला का चालत नाही?

येथवर द्रव आणि धातू यांचा विचार झाला. तिसरी गोष्ट म्हणजे त्या धातूने करावयाचे काम. दंतचक्र पंपाच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

तीव्र सल्फ्यूरिक आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत साठवितात हे ऐकून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. टाकीच्या आतल्या बाजूस आयर्न सल्फेटचा थर धरतो आणि तो पुढील क्षरण रोखतो. हा थर मऊ असतो. आम्ल संथ असते तोवर तो जागेवर राहतो. आम्ल वेगाने वाहू लागले की धुऊन जातो. पंपातील दात तर त्याला फेऱ्यागणिक खरवडतात. म्हणून टाकी साध्या पोलादाची असली तरी पंप त्याच पोलादाचा करता येत नाही.

अगंज पोलादाचीही अशीच अडचण आहे. एकाच जातीच्या अगंज पोलादाची दोन चाके एकमेकांवर दाबून घासली की आवरण निघते, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो, दोहोंचे कण चिकटतात आणि चाके ओरखडून अखेर अडकतात. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष पंप यंत्रशास्त्राच्या दृष्टीने निकामी ठरतो. यासाठी जोडीतील दोन चाके वेगवेगळ्या पदार्थांची किंवा वेगवेगळ्या कठीणपणाची ठेवतात.

आता फटीचे गणित. अरुंद सपाट फटीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण, दाब व श्यानता (दाटपणा) कायम असताना, फटीच्या रुंदीच्या घनाशी निगडित असते. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, २ × २ × २ म्हणजे आठपट होते. समजा पंपातील फट ०.०५ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या केसाहूनही थोडी कमी, आणि तिच्यातून शेकडा २ भाग द्रव मागे गळतो. धातूची झीज वर्षाला ०.१ मिलिमीटर आहे. फटीच्या दोन्ही बाजूंचा धातू झिजतो, तेव्हा फट वर्षाला ०.२ मिलिमीटरने वाढेल. तीन महिन्यांत ती ०.१० होईल आणि गळती शेकडा १६. वर्षअखेर फट ०.२५, म्हणजे मूळच्या पाचपट. पाचाचा घन १२५. इतकी गळती म्हणजे पंप फिरत राहतो, पण पुढे काहीच जात नाही.

वर्षाला ०.१ मिलिमीटर ही झीज टाकीच्या दृष्टीने अगदी किरकोळ. टाकीचा पत्रा मुद्दामच दोन-तीन मिलिमीटर जादा जाडीचा घेतात आणि तो वर्षानुवर्षे पुरतो. क्षरणाच्या छापील कोष्टकांत एवढ्या झिजेपुढे ‘उत्तम’ असा शेरा असतो. तो शेरा टाकीसाठी आहे, पंपासाठी नाही, हे कोष्टकात लिहिलेले नसते.

हे आम्ही अधिकाराने सांगतो, कारण ही चूक आम्ही स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याने एक आम्लयुक्त द्रावण ठराविक मापाने प्रक्रियापात्रात सोडण्यासाठी पंपाचा धातू सुचविण्यास आम्हांस सांगितले. आम्ही कोष्टक उघडले, ‘उत्तम’ असा शेरा पाहिला आणि कळविले. दोन महिने सर्व ठीक चालले. तिसऱ्या महिन्यात घाण्यामागून घाणा बिघडू लागला. पंपाच्या फेऱ्यांची नोंद बरोबर, त्यावरून काढलेले द्रावणाचे मापही बरोबर. मग चूक माणसाचीच असणार, असे ठरले. पाळीवरील चालकाला लेखी ताकीद मिळाली. तो गृहस्थ एकच सांगत होता, की पंपाचा आवाज पूर्वीसारखा नाही आणि पात्राची पातळी चढायला वेळ लागतो. त्याच्या म्हणण्याकडे लक्ष द्यायला आणखी तीन आठवडे गेले. अखेर पंप उघडून मोजला तेव्हा फट जवळजवळ दुप्पट भरली. पुढे मॉलिब्डेनमयुक्त निकेलच्या मिश्रधातूचे भाग बसविले आणि काम सुरळीत झाले. ताकीदही मागे घेतली गेली. पण शिक्षा आधी झाली आणि मोजमाप नंतर, ही गोष्ट आमच्या मनातून गेलेली नाही. त्या चालकाला घनाचा नियम ठाऊक नसेल. पण कातणाऱ्याच्या बोटांना धागा कळतो तसा त्याला पंप कळत होता.

प्लॅस्टिक आले, प्रश्न बदलले

१९३०च्या दशकाच्या अखेरीस दोन शोधांनी या क्षेत्रात नवे वळण आणले. दोन्ही अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे. १९३५ साली कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि १९३९च्या अखेरीस त्याच्या धाग्याचा कारखाना सुरू झाला. नायलॉन विरघळवीत नाहीत, वितळवितात. २८० अंश सेल्सिअसच्या वर असलेला तो द्रव दंतचक्र पंपाने मोजून सोडायचा. इतक्या तापमानाला वंगणाचे तेल टिकणार नाही आणि टिकले तरी धागा नासवील. म्हणून पंपाला वंगण त्या वितळलेल्या नायलॉनचेच. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला आणि त्याच्या कताईतही हीच पद्धत आली. पाताळगंगेच्या काठावर पोहोचली ती हीच परंपरा.

दुसरा शोध १९३८ सालचा. रॉय प्लंकेट याला वायूच्या बंद नळकांड्यात एक पांढरी भुकटी सापडली. तीच पीटीएफई, म्हणजे आपल्या ओळखीचे टेफ्लॉन. जवळजवळ कोणत्याही आम्लाचा तिच्यावर परिणाम होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियम हेक्साफ्लोराइड या जहाल पदार्थाला तोंड देण्यासाठी ती वापरली गेली. मग पंपाची चाकेच पीटीएफईची केली तर?

येथे रूट्स बंधूंच्या लाकडी चाकांची आठवण ठेवावी. पीटीएफई तापमानाने पोलादाच्या सुमारे दहापट प्रसरण पावते. ६० मिलिमीटर व्यासाचे चाक ५० अंशांनी तापले तर पोलादाचे चाक सुमारे ०.०४ मिलिमीटरने वाढेल, पीटीएफईचे सुमारे ०.३६ मिलिमीटरने. केसभर फटीत ही वाढ मावणार कोठे? फट आधीच मोठी ठेवावी तर थंड असताना गळती होते. शिवाय हा पदार्थ सतत दाबाखाली हळूहळू पसरतो. म्हणून त्यात काचेचे किंवा कार्बनचे तंतू मिसळतात, किंवा पीक नावाचे अधिक ताठ प्लॅस्टिक वापरतात, किंवा एक चाक धातूचे व दुसरे प्लॅस्टिकचे ठेवतात.

महाग धातूही सर्वगुणसंपन्न नसतात. टायटॅनियम ओल्या क्लोरीनपुढे उत्तम टिकते. पण पूर्ण कोरड्या क्लोरीनमध्ये ते पेट घेऊ शकते. पाण्याचा अंश आवरण राखतो, तो नसला की धातू उघडा पडतो. येथे पाणी हेच संरक्षक!

आज निवड कशी करावी?

वरील इतिहासातूनच प्रश्नांचा क्रम हाती येतो. प्रथम द्रव कोणता ते विचारावे आणि बाटलीवरच्या नावावर समाधान मानू नये. तीव्रता किती, तापमान किती, त्यात क्लोराइड, पाणी, हवा यांचा अंश किती, हे सर्व समजले पाहिजे. कारखाना धुताना पंपातून जाणारे पाणी किंवा सोडा हाही द्रवच आहे. दुसरे, द्रव किती दाट आणि त्यात कण आहेत काय? पातळ द्रव गळतो आणि कण आवरण खरवडतात. कण फार असतील तर दंतचक्र पंपाचा नाद सोडलेला बरा. तिसरे, झिजेचा वार्षिक दर पंपातील फटीशी ताडून पाहावा, टाकीच्या जाडीशी नव्हे. चौथे, चाकांची जोडी आणि त्यांचे धारवे (बेअरिंग) एकमेकांशी जुळतात काय, कारण त्यांचे वंगण हा तोच द्रव असतो. पाचवे, दांडा पेटीतून बाहेर येतो तेथील बंदिस्ती. जहाल द्रवासाठी तेथे भोकच न ठेवता बंद भिंतीपलीकडून लोहचुंबकाने चाक फिरवितात. सहावे, पुढची वाट चुकून बंद झाली तर हा पंप थांबत नाही. दाब वाढवीत राहतो आणि काहीतरी फुटते. त्यासाठी दाब सोडणारी झडप हवीच. आणि हे सर्व झाल्यावरही महिन्यातून एकदा पंपाने दिलेला द्रव भांड्यात घेऊन प्रत्यक्ष मोजावा. फेऱ्यांची नोंद म्हणजे माप नव्हे.

शिक्षकांना यातील मूळ कल्पना वर्गात दाखविता येईल. एकसारखे स्वच्छ घासलेले लोखंडी खिळे घ्यावेत, तराजूवर तोलावेत आणि धुण्याच्या सोड्याचे द्रावण, मिठाचे पाणी व व्हिनेगर यांत वेगवेगळे ठेवावेत. आठवड्याने सोड्यातील खिळा बहुधा चकचकीत दिसेल, मिठाच्या पाण्यातील तांबूस होईल आणि व्हिनेगरमधील झिजेल. गंज पुसून, वाळवून पुन्हा तोलावे. वजनातील घट, लोखंडाची घनता (७.९) आणि खिळ्याचे क्षेत्रफळ यांवरून वर्षाला किती मिलिमीटर झीज होईल ते विद्यार्थ्यांना काढू द्यावे. मग त्यांना विचारावे : यांतला कोणता खिळा टाकीच्या उपयोगाचा आणि कोणता पंपाच्या?

लोखंड तेच, पाणी तेच, तरी उत्तरे निराळी येतील. गागोद्याला जन्मलेल्या त्या कातणाऱ्याने टकळीवर हात बसविताना जे केले तेच येथेही करावे लागते. हातातला पदार्थ कोणता आणि त्याच्याकडून काम कोणते घ्यायचे आहे, हे आधी पाहायचे, आणि मग मोजत राहायचे.